थाळनेरचा पाचवा दरवाजा

लेकाच्या इतिहासाच्या धड्यात 1818 साल आलं. पेशवाई संपली, मराठी सत्ता संपली, पुढचा धडा. त्याने सहज विचारलं, "आई, तेव्हा आपल्या खानदेशात काय झालं?" मी धुळ्यात जन्मले, धुळ्यातच शिकले, देवपुरात घर केलं, आणि मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. ते मला फार लागलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी आयुष्यभर कागद गोळा केले आणि शेवटचा श्वास याच गावात घेतला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ माझ्या रोजच्या वाटेवर आहे. तरी मी कोरी ती कोरीच.

मग शोधाशोध केली. 1880 सालचं खानदेश जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर मिळालं. त्यात थाळनेरवर थोडा मजकूर आहे. तो वाचला त्या रात्री मला नीट झोप आली नाही. 27 फेब्रुवारी 1818 चा दिवस, तापीकाठचा किल्ला, पाच दरवाजे, आत तीनशेच्या आसपास माणसं, आणि संध्याकाळी त्यातलं जवळजवळ कोणी जिवंत नाही. हे सगळं आमच्या घरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर झालेलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी जायचं ठरवलं. मी, लेक आणि माझे वडील. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. शिरपूर आणि नंदुरबारकडच्या गाड्या त्यांनी आयुष्यभर चालवल्या. थाळनेर म्हटल्यावर ते म्हणाले, "गाव माहीत आहे गं. किल्ला काही पाहिला नाही. गाडी वळवायची आणि परत यायचं, एवढंच आमचं काम."

जायचं असेल तर सकाळी लवकर निघा, हे आधीच सांगते. फेब्रुवारी संपता संपता आमच्याकडे अकरानंतर ऊन अंगावर यायला लागतं, आणि किल्ल्यावर सावली म्हणून बाभळी सोडल्या तर काही नाही. आम्ही सहाला निघालो. बरोबर पाच लिटरचा पाण्याचा कॅन, नानांची टोपी, माझं उपरणं, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे घेतले. गॅझेटिअरच्या त्या पानांची झेरॉक्स काढून शेजारी मराठीत टिपणं लिहून घेतली होती. शेवटी तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली, कारण तिथे गेल्यावर समजावून सांगणारं काहीच नाही.

धुळ्याहून शिरपूर पन्नासेक किलोमीटर, आग्रा रोडने सरळ. आता तो चौपदरी झालाय, पण आमच्या तोंडी आग्रा रोडच. सोनगीर आलं. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, माझ्या लग्नातली घागर इथलीच. उजेड नुकता फुटत होता आणि सोनगीरचा किल्ला रस्त्यावरून दिसत होता. नाना म्हणाले, "हा रोज बघायचो मी, काचेतून." नरडाणा मागे पडलं, सावळद्याचा पूल आला. पुलावर गाडी हळू केली. खाली तापी पसरलेली, पाण्यावर पांढरट धुकं.

इथे मी लेकाला पहिली गोष्ट सांगितली, ती आग्रा रोडचीच. महिदपूरची लढाई 21 डिसेंबर 1817 ला झाली. होळकरांची फौज हरली. मल्हारराव होळकर तेव्हा अकरा-बारा वर्षांचं पोर, म्हणजे माझ्या लेकाहूनही लहान. त्याच्या दरबाराने 6 जानेवारी 1818 ला मंदसोरला तह केला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना सोडून दिला. त्यात खानदेशातली होळकरांची ठाणी गेली. तह झाला तिकडे माळव्यात. इकडे किल्ल्यात बसलेल्या शिबंदीला तो मान्य व्हायचा होता. सर थॉमस हिस्लॉप हा इंग्रज सेनापती फौज घेऊन सेंधव्याच्या घाटाने खाली उतरला. सेंधवा न लढता मिळाला. पुढचा मुक्काम थाळनेर.

"म्हणजे समोरून आले ते," लेक म्हणाला, "आणि आपण इकडून चाललोय." बरोबर होतं त्याचं. ते शिरपूरच्या दिशेने उतरत आले, आणि आम्ही त्यांच्या समोर निघालो होतो.

शिरपूरला चहा घेतला आणि पूर्वेला वळलो. रस्ता लहान पण चांगला. दोन्ही बाजूंना केळी, मध्येच पिवळा पडलेला गहू, हरभरा उपटून ढीग लावलेले, कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या. तापीकाठची काळी जमीन काय असते ते इथे कळतं. या जमिनीसाठीच तर सगळे इथे आले असणार. फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा याला फिरोजशाह तुघलकाने 1370 च्या सुमारास थाळनेर आणि करवंद ही जहागीर दिली. खानदेशची पहिली राजधानी हे गाव. अशीरगड, बुऱ्हाणपूर ही नावं नंतरची. आज थाळनेरात शिरताना ते कुठल्याच खुणेवरून कळत नाही. चौक, टपऱ्या, दूध डेअरीवर उभी असलेली माणसं, शाळेची भिंत.

चौकात गाडी लावली आणि नाना खाली उतरले. तिथून पुढे त्यांनी मराठी सोडून अहिराणी धरली, आणि गावाने आम्हाला घरात घेतलं. पाराजवळ एक म्हातारे बाबा उन्हाला बसले होते.

"कथाईन उनात भाऊ?"

"धुयाथाईन उनूत. किल्ला दखाना शे."

बाबा हसले. "किल्ला? आते काय राह्यनं तठे? माती शे नुसती."

तरी त्यांनी नातवाला आमच्याबरोबर धाडलं. तो नसता तर आम्ही तासभर गल्ल्यांमध्ये फिरलो असतो. तरी एक चूक आम्ही केलीच. नदीच्या बाजूने वर चढता येईल असं मला वाटलं आणि मी पुढे होऊन चढायला लागले. मातीचा उभा कडा, पावसाने चिरे पडलेले, पायाखाली विटांचे तुकडे सरकत होते. मागून नाना घसरले. गुडघा खरचटला, पँट फाटली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मी कुठे चढवत होते! माझं काळीज हललं. बाबांच्या नातवाने ओरडून आम्हाला खाली बोलावलं आणि गावाच्या बाजूने वर नेलं. म्हणून सांगते, नदीकडून चढू नका. गावातून वाट आहे, विचारा, कोणीही दाखवतं.

वर पोचलो आणि मी झेरॉक्स काढली.

वर्णन असं आहे. किल्ल्याची एक बाजू तापीतून सरळ वर उठलेली. बाकी तीन बाजूंनी खोलगट घळ, शंभर-दीडशे यार्ड रुंद. घळीपासून भिंती साठ फूट उंच, आणि आतली जमीनही तेवढ्याच उंचीवर. म्हणजे तटावरून आत उतरायचं नाही, किल्ला हाच एक उंच गढा. आत जायची वाट एकच, पूर्वेकडून. त्या वाटेवर एकामागे एक पाच दरवाजे, मध्ये वळणंवळणं, आणि प्रत्येक दरवाज्यागणिक चढ वाढत जाणारा. हे वाचून आम्ही नकाशासारखी ती वाट शोधायला लागलो.

नदीची बाजू चटकन पटली. काठावर उभं राहिलं की पाणी थेट पायाखाली खोल दिसतं, आणि पलीकडचा काठ इतका लांब की तिथला माणूस ठिपक्याएवढा. एका बुरुजाचा आणि तटाचा थोडा भाग उभा आहे. बाकी माती. पण घळ अजून कळते. गावाची घरं, गोठे, उकिरडे तिच्यात उतरलेत, तरी वरून पाहिलं की जमीन अचानक खाली जाते आणि पुन्हा वर येते, ते लपत नाही. लेकाला ती घळ पावलांनी मोजायची होती. तो उतरला, मोजायला लागला, एका घराच्या कुडापाशी अडकला, म्हशीला वळसा घालून पुन्हा मोजायला लागला आणि आकडा विसरून परत आला.

दरवाजे नाहीत. पाचापैकी एकाचीही चौकट आज उभी दिसत नाही. पूर्वेकडे चढत येणारी, वळण घेणारी वाट मात्र आहे. तिथे एका जागी मी थांबले, वाटेच्या अगदी माथ्याशी. पाचवा दरवाजा इथेच कुठेतरी असणार, असं जमिनीच्या चढावरून वाटलं. तिथे बसून मी दोघांना सगळं वाचून दाखवलं. आज पुन्हा लिहिते, कारण मला वाटतं हे खानदेशातल्या प्रत्येक पोराला माहीत हवं.

हिस्लॉपची फौज सकाळी गावाजवळ आली तेव्हा किल्ल्यातून गोळीबार झाला. त्याने किल्लेदाराला निरोप पाठवला की तह झाला आहे, किल्ला आमचा आहे, लढलास तर बंडखोर समजू. उत्तर आलं नाही, गोळीबार चालू राहिला. किल्लेदाराचं नाव तुळशीराम मामा. आत बहुतेक अरब शिबंदी. त्या काळी खानदेशातल्या किल्ल्यांवर अरब शिपाई पुष्कळ होते, पगारी लढवय्ये. इंग्रजांनी घोडदळाच्या हलक्या तोफा लावल्या आणि दरवाज्यांवर मारा सुरू केला. दुपारनंतर पहिल्या दरवाज्याशेजारी भिंतीत एकेक माणूस शिरेल एवढी फट सापडली. तिथून ते आत घुसले. दुसऱ्या दरवाज्यातलं लहान दार, म्हणजे दिंडी, उघडी मिळाली. तिसऱ्याशी किल्लेदार स्वतः बाहेर आला आणि हाती लागला. चौथाही ओलांडला. पाचवा बंद होता. आतले अरब म्हणत होते, आधी अटी ठरवा.

थोडा वेळ बोलणं झालं. मग आतून दिंडी उघडली गेली. कर्नल मॅग्रेगर मरे, मेजर गॉर्डन आणि मोजके शिपाई वाकून आत गेले. समोर हत्यारबंद अरब. एकमेकांची भाषा कोणालाच धड कळत नव्हती. इंग्रजांना वाटत होतं हे शरण आलेत. अरबांना वाटत होतं अजून काहीच ठरलं नाही, आणि हे तर आत शिरले. कोणीतरी हत्यार ओढून घ्यायला गेलं आणि तलवारी चालल्या. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅग्रेगर (हा वेगळा अधिकारी) तिथे मारले गेले. मरेला अनेक जखमा झाल्या, त्याला कसाबसा दिंडीतून बाहेर ओढला. आणि मग बाहेरची फौज त्या दिंडीतून गोळ्या झाडत आत शिरली. आत होते तेवढे कापले. सुमारे तीनशे माणसं.

तुळशीराम मामा या वेळी आत नव्हता. तो तिसऱ्या दरवाज्याशीच हाती लागला होता. पाचव्या दरवाज्यात जे झालं ते त्याच्या हुकमाने झालं असं म्हणायला जागा नाही. तरी त्याच संध्याकाळी त्याला फाशी दिलं.

मी वाचत होते आणि लेक त्या वाटेकडे टक लावून पाहत होता. दिंडी म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. नानांनी उठून दाखवलं. मोठ्या दरवाज्याच्या फळीत लहान दार असतं, खाली उंबरा, वर चौकट, माणसाला मान खाली घालूनच जावं लागतं. नाना वाकून दोन पावलं चालले. "असं," म्हणाले. "वाकलेल्या माणसाला पुढचं दिसत नाही. आणि आतल्याला फक्त त्याचं डोकं दिसतं." तेवढ्यात मला त्या दिवसाचं सगळं कळलं. दोन फौजा, एक तह, तोफा, आणि शेवटी निकाल लागला तो वाकून आत शिरलेल्या दहापाच माणसांच्या गैरसमजात.

हे प्रकरण तेव्हाही सगळ्यांना पचलं नव्हतं, हे सांगायला हवं. पुढच्या वर्षी, 1819 मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटात या मोहिमेतल्या सेनापतींच्या आभाराचा ठराव आला तेव्हा थाळनेरच्या किल्लेदाराच्या फाशीवरून तिथे प्रश्न विचारले गेले, आणि हिस्लॉपचे आभार मानताना तेवढी गोष्ट बाजूला ठेवली गेली. लंडनमध्ये या गावाच्या नावावरून वाद झाला. त्या गावात मात्र आज एक साधी पाटीही मला सापडली नाही.

खाली आल्यावर बाबांनी चहाला बसवलं. मी त्यांना विचारलं, तुळशीराम मामाचं नाव ऐकलंय का.

"तुळशीराम मामा? असा कोनी मामा आम्हना गावमा नही."

नानांनी सांगितलं, दोनशे वर्षांपूर्वीचा किल्लेदार, फाशी दिधी त्याला इंग्रजांनी, इथेच.

बाबा एकदम गप्प झाले. कप खाली ठेवला. "आठे? आम्हना गावमा?" मग त्यांनी नातवाला जवळ बोलावलं आणि नानांना म्हणाले, पुन्हा सांगा, याला ऐकू द्या. नानांनी अहिराणीत सगळं पहिल्यापासून सांगितलं, पाचही दरवाज्यांसह. मी इतकी वर्षं नानांना ओळखते, पण माणसं गोळा करून गोष्ट सांगताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. डेअरीवरची चार माणसं येऊन उभी राहिली. एकाने विचारलं, त्या तीनशेंची नावं कुठे लिहिली आहेत का. माझ्या टिपणांत फक्त किल्लेदाराचं नाव होतं. इंग्रज अधिकाऱ्यांची नावं हुद्द्यांसकट होती. मला ते सांगताना लाज वाटली, जणू तो कागद मीच लिहिला होता.

थाळनेरला गेलात तर फारुकी राजांच्या कबरी पाहिल्याशिवाय येऊ नका. मलिक राजा 1399 मध्ये वारला, तो इथेच आहे. त्याचा मुलगा नासिरखान, ज्याने अशीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसवलं, तोही इथेच. घुमट असलेल्या दगडी वास्तू, त्यातली एक अष्टकोनी. तिच्या बाहेरच्या भिंतींवर इतकं बारीक कोरीव काम आहे की लेकाने बोटाने एक वेल सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिरवला. दगड सकाळच्या उन्हातही गार होता. सगळ्या बाजूंना शेतं. किल्ला मातीत मिळाला आणि कबरी टिकल्या. कारण सरळ आहे, किल्ला माती-विटांचा आणि या दगडाच्या. पण मला ते बघताना बरं वाटलं. सकाळपासून मनावर जे ओझं होतं ते इथे थोडं उतरलं.

जेवण एका मळ्यात, लिंबाखाली केलं. मळेवाल्यांनी न मागता वांग्याचं भरीत आणून दिलं, वर कांद्याची पात. खानदेशात माणूस उपाशी जात नाही.

परतताना सरळ धुळ्याला न येता नरडाण्याहून शिंदखेड्याकडे वळलो. मला त्याच दिवशी चिमठाणे पाहायचं होतं. एका दिवसात दोन्ही होतात, फक्त जेवण लांबवू नका. चिमठाणे बुराई नदीवर, धुळे-दोंडाईचा रस्त्यावर आहे. ही नानांची जुनी लाइन. इथे टिपणांची गरज पडली नाही, सांगणारे तेच.

14 एप्रिल 1944. दुसरं महायुद्ध चालू होतं, बेचाळीसच्या चळवळीतले लोक अजून भूमिगत होते. साताऱ्याकडे प्रतिसरकार चालू होतं आणि त्याला पैसा हवा होता. धुळ्याहून नंदुरबारकडे सरकारी खजिना मोटारीने निघाला, त्यात साडेपाच लाखांवर रक्कम. चिमठाण्याजवळ तो अडवून लुटला गेला. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी हे साताऱ्याचे, आणि इथले डॉ. उत्तमराव पाटील यांच्यासारखे खानदेशातले कार्यकर्ते. साताऱ्याची माणसं इतक्या लांब आली ती इथल्या माणसांच्या भरवशावर. रस्ते, नद्यांचे उतार, कुठल्या गावात रात्र काढता येईल, हे खानदेशी माणसाशिवाय कोणी सांगितलं असतं?

रस्त्याच्या कडेला स्मारक आहे. आम्ही पोचलो तेव्हा चार वाजत आले होते, ऊन तिरपं झालं होतं. थाळनेरनंतर हे पाहून मला फार हायसं वाटलं. इथे निदान थांबायला जागा आहे, तारीख आहे, दरवर्षी त्या दिवशी माणसं जमतात. नाना स्मारकापाशी न थांबता रस्त्यावर जाऊन उभे राहिले. दोन्ही बाजूंना बघितलं, मग चढ बघितला.

"त्या वेळी एसटी नव्हती," ते लेकाला म्हणाले. एसटी 1948 ला सुरू झाली. त्याआधी खाजगी मोटारी. युद्धात पेट्रोल मिळायचं नाही म्हणून कित्येक मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे भट्टी बसवलेली, निघायच्या आधी ती पेटवून बराच वेळ भाता मारायचा, आणि चढ आला की गाडीचा दम जायचा, उतारूंना खाली उतरून ढकलावं लागायचं. नाना नवीन लागले तेव्हा त्यांच्या वरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांनी हे भोगलेलं होतं, आणि डेपोत चहा पिताना ते सांगायचे. खजिन्याची मोटार तसली होती की पेट्रोलची, यावर नाना काही बोलले नाहीत. पण ते म्हणाले, "माझ्या गाडीत किती वेळा पोस्टाच्या थैल्या असायच्या. इथून जाताना मी कधी मागे वळून बघितलं नाही. आधी माहीत असतं तर पॅसेंजरना सांगितलं असतं."

लेकाच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. "नाना, म्हणजे आपल्याकडे खजिना दोनदा लुटला?" वाटेत मी त्याला खाज्या नाईकांची गोष्ट सांगितली होती. सेंधव्याच्या घाटावर वाटसरूंचं रक्षण करण्याचं काम असलेला भिल्ल नाईक, 1857 च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उठला आणि त्याच घाटात सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. हिस्लॉप ज्या घाटाने उतरला तोच हा घाट. पुढे 11 एप्रिल 1858 ला सातपुड्यात आंबापाणीला इंग्रजांशी भिल्लांची मोठी लढाई झाली. कित्येक भिल्ल मारले गेले, पकडलेल्यांना गोळ्या घातल्या, बायकांना धरून नेलं. "मग आंबापाणी कुठे आहे?" त्याने विचारलं. मी सातपुड्याच्या दिशेने हात केला. स्मारकापासून काहीच दिसत नव्हतं, नुसतं धुरकट क्षितिज.

धुळ्यात शिरलो तेव्हा सात वाजून गेले होते. चहाच्या वेळी लेकाने वही काढली आणि पाच दरवाज्यांचं चित्र काढलं. चार दरवाजे रेघांनी, आणि पाचव्याला एक लहानसं दार, त्याच्यापुढे वाकलेला माणूस. खाली त्याने "तुळशीराम मामा, थाळनेर, 27 फेब्रुवारी 1818" असं लिहिलं. त्या खाली थोडी जागा सोडली आणि आकडे घालायला लागला. एक, दोन, तीन. प्रत्येक आकड्यापुढे रिकामी ओळ. तेविसाव्या आकड्याला पान संपलं, तेव्हा त्याने पान उलटलं.

नाना गुडघ्याला हळद लावून बसले होते. "आंबापाणीला थंडीत जाऊ," ते म्हणाले. "पण तिकडचा एखादा पावरा आदिवासी माणूस बरोबर हवा. डोंगरात आपल्याला वाट कळायची नाही."

मी डायरीत लिहून ठेवलं आहे. डिसेंबर.